सोसायटीच्या बिलांसाठी आठ महिने घालवले. वेगळी चूल मांडून चुकलो का?

कोलशेतचा_कोड्या (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, जरा मोकळं व्हायचंय.

कोलशेत रोडला आमची सोसायटी. तीन इमारती, २१६ फ्लॅट. मागच्या वार्षिक सभेत नको तिथे तोंड उघडलं आणि समितीत जाऊन बसलो. कोषाध्यक्ष काका ७१ वर्षांचे. महिन्याची बिलं एक्सेलमध्ये काढतात, छापतात, वॉचमनच्या हाती घरोघर पोचवतात. मी पोटापाण्यासाठी ऐरोलीत कोड लिहितो. म्हटलं, काका, एक्सेल काय लावलंय, महिन्याभरात झकास सॉफ्टवेअर देतो लिहून.

त्याला आठ महिने झाले. ११ हजार ओळी कोड आहे. लॉगिन माझं, पासवर्डचं एन्क्रिप्शन माझं, पीडीएफ बनवणारा कोड माझा, बॅकअपची स्क्रिप्ट माझी, तारखांचा हिशोब माझा, आणि या सगळ्याच्या बुडाशी असलेलं छोटं फ्रेमवर्कही माझंच. बायको म्हणते, कीबोर्ड तेवढा बाहेरून आणलास.

गेल्या रविवारी कॉलेजचा मित्र आला होता. तलावपाळीला चक्कर मारून आलो आणि कौतुकाने त्याला कोड दाखवला. पाच मिनिटं स्क्रोल करून त्याने एवढंच विचारलं, "यात तयार मिळत नाही असं काय आहे रे?" मला उत्तर देता आलं नाही.

सध्याची दुखणी: पावतीच्या पीडीएफमध्ये मराठी फुटतं. "शिल्लक" मधली पहिली वेलांटी श च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते आणि ल्ल ऐवजी पाय मोडलेला ल आणि शेजारी दुसरा ल दिसतो. एका सभासदाची दर महिन्याला दोन बिलं निघतात, का ते कळत नाही. आणि ऑडिटरनी थकबाकीवरच्या व्याजात फरक काढलाय.

आपण हे असं का करतो? आणि आता मोडू की रेटू?

टीएमटी_थांबा · शनिवार, रात्री ११:५२

जागा पकडली. मामलेदारची मिसळ मागवलीय, चालू द्या.

ऐरोली_ते_ठाणे · रविवार, सकाळी ८:१५

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. इतका जुना रोग आहे हा, लाजू नकोस.

महापेला एका कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. एकाच मजल्यावर तीन टीम आणि तिघांचं लॉग (प्रोग्रॅम चालताना काय काय झालं त्याची नोंद) लिहायचं आपापलं वेगळं सॉफ्टवेअर. तिन्ही वाईट, प्रत्येकाचं वेगळ्या कारणाने. एकाला रात्री बारानंतर फाइल बदलता येत नसे, दुसऱ्याचं डिस्क भरली की गुपचूप बंद पडायचं, तिसऱ्याचं मी लिहिलेलं होतं. कुणी विचारलं की आम्ही तिघे एकच उत्तर द्यायचो: "आमची गरज वेगळी आहे." गरज काडीचीही वेगळी नव्हती. दुसऱ्याचा कोड वाचायला बसलं की अर्ध्या तासात डोकं दुखतं, आणि कोरी फाइल उघडली की उत्साह येतो, बस. शिवाय अप्रेझलच्या फॉर्मवर "नवीन फ्रेमवर्क उभारलं" असं लिहिता येतं. "शेजारच्या टीमचं वापरलं आणि त्यातले चार बग काढले" असं लिहून कुणाला बढती मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पण स्वतःचं लिहिणं म्हणजे पापच, असंही माझं म्हणणं नाही. गिटचंच बघ, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायचं साधन. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सवाल्यांना बिटकीपर हे तसलंच साधन फुकट वापरायला मिळणं बंद झालं. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सने बाजारात काय आहे ते बघितलं, मोनोटोन नावाच्या साधनातल्या काही कल्पना पटल्या पण त्याचा वेग झेपण्यासारखा नव्हता, आणि मग स्वतः लिहायला बसला. थोड्याच दिवसांत लिनक्सचा अख्खा कोड गिटमध्ये गेला. ती पहिली नोंद १६ एप्रिलची आहे. ठाणेकरांना ही तारीख वेगळी सांगायला नको, १८५३ साली याच दिवशी बोरीबंदरहून आपल्याकडे पहिली गाडी आली. (योगायोग आहे, उगाच अस्मिता नको.)

आता यातली गंमत बघ. त्या पहिल्यावहिल्या गिटमध्येसुद्धा फाइल दाबायला झेडलिब आणि हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा, काढायला ओपनएसएसएल वापरलेलं आहे. ते लिहीत बसला नाही तो. आधी बघितलं, जे नव्हतं तेवढंच लिहिलं, बाकीचं उचललं.

तू लिहायच्या आधी काय काय बघितलंस?

कोलशेतचा_कोड्या · रविवार, सकाळी ९:०२

खरं सांगू? काहीच नाही. शुक्रवारी रात्री बसलो आणि थेट "नवीन प्रोजेक्ट".

शंकासुर · रविवार, सकाळी ९:३०

आले लगेच "दुसऱ्याचं वापरा" वाले. वापरा की! आणि मग मार्च २०१६ आठवा. लेफ्टपॅड नावाची ११ ओळींची लायब्ररी, म्हणजे कुणीही आपल्या प्रोजेक्टला जोडावा असा तयार कोड. अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरायची, एवढंच तिचं काम. लेखकाचं एनपीएमशी, म्हणजे अशा लायब्ररी जिथून मिळतात त्या कोठाराशी, भांडण झालं, त्याने ती काढून घेतली आणि बेबल, रिअ‍ॅक्टवर उभे असलेले जगभरचे प्रोजेक्ट तयारच होईनात. ११ ओळी! त्या तर या धाग्यावरच्या टीएमटी_थांबालाही लिहिता आल्या असत्या.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे, ही लॉग लिहायची लायब्ररी. लॉगमध्ये विशिष्ट मजकूर आला की लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवायची. आमच्याकडे तर ती लायब्ररी कुठेकुठे आहे हे शोधण्यातच पहिले दोन दिवस गेले. ज्या टीमने लॉगिंग स्वतः लिहिलं होतं ते मात्र शांतपणे चहा पीत बसले होते.

धागाकर्त्याने निदान जे लिहिलंय ते त्याला माहीत तरी आहे.

टीएमटी_थांबा · रविवार, सकाळी ९:३४

११ ओळींत माझं नाव आल्याबद्दल आभारी आहे. मला नाही येणार.

पामबीच_पॉइंटर · रविवार, सकाळी १०:१०

"पासवर्डचं एन्क्रिप्शन माझं" हे वाचूनच पोटात गोळा आला. शंकासुर, ११ ओळींची गोष्ट वेगळी आणि ही वेगळी.

कोड्या, पासवर्ड एन्क्रिप्ट करायचाच नसतो, त्याचा परत उलगडता न येणारा हॅश ठेवायचा असतो, आणि तोही मुद्दाम हळू चालणारा, म्हणजे चोराला एकेक शब्द लावून बघताना घाम फुटला पाहिजे. पीएचपी भाषा वापरतोस ना? त्यात २०१३ पासून पासवर्ड हॅश करायचं फंक्शन आयतं आहे. एक ओळ आहे. २१६ घरांचे लोक तोच पासवर्ड बँकेलाही वापरत असणार, हे धरून चाल. मोडू की रेटूचं काय ते नंतर ठरव, हे आज रात्री बदल.

कोलशेतचा_कोड्या · रविवार, सकाळी १०:४१

बदलतोय. आत्ताच.

नौपाडा_डीटीपी · रविवार, दुपारी १:२०

मी सॉफ्टवेअरवाला नाही. नौपाड्यात अठरा वर्षं डीटीपीचं दुकान चालवलं. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, दिवाळी अंक. पण हा विषय माझ्या अंगावरून गेलाय, म्हणून लिहितो.

आमच्या वेळी मराठीचे फॉन्ट म्हणजे ज्याची त्याची चूल. श्रीलिपी वेगळी, आकृती वेगळी, कृतिदेव वेगळा, शिवाजी वेगळा. एका फॉन्टमध्ये जिथे क, तिथे दुसऱ्यात भलतंच काही. गिऱ्हाईक फ्लॉपी घेऊन यायचं आणि पहिला प्रश्न असायचा, "कुठल्या फॉन्टात केलंय?" उत्तर आलं नाही तर परत टाइप. पैसे आम्हालाच मिळायचे म्हणून आम्ही तक्रार करत नसू, तो भाग वेगळा.

प्रमाण काही नव्हतं असं नाही. इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचं भारतीय मानक १९९१ चं आहे. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांचं एकच मानक, त्याची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची, आणि त्यातली देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली. तरी प्रत्येक कंपनीने आपलं घोडं पुढे दामटलं. तेव्हा त्याला कारणही होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. फॉन्टमध्ये २५६ घरं, त्यातली सगळी वापरता येत नसत, आणि आपली जोडाक्षरं, काने, मात्रे, रफार त्यात बसवायचे. ज्याने त्याने आपल्या अकलेने बसवले. पण पुढे ती अडचण गेली तरी चुली राहिल्या, कारण तोवर सगळ्यांचा माल आपापल्या चुलीवर शिजलेला होता.

कोड्या, तुझी ती "शिल्लक" वाचून मला हसू आलं. आम्ही जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी टाइप करायचो, अक्षर नंतर, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये उलट: आधी अक्षर, मग वेलांटी. म्हणून जुनं लेखन युनिकोडमध्ये आणताना वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते. २००६ च्या सुमाराला एका मुलाकडून मी असा कन्व्हर्टर लिहून घेतला होता. त्याने वेलांटी एका अक्षरापलीकडे नेली. "किती" बरोबर आलं. "स्थिती" आलं की वेलांटी स ला चिकटायची आणि थ उघडा पडायचा, कारण ती अख्ख्या जोडाक्षरापलीकडे न्यायला हवी होती. मग रफार. "वार्षिक" मध्ये रफार दिसतो ष च्या डोक्यावर, पण साठवायचा ष च्या आधी. ते दुरुस्त केलं तर "आर्द्रता" बिघडली. असं करत दोन वर्षं गेली. कुठलाही दिवाळी अंक घेतला की नवा शब्द अडायचा.

आमच्या गल्लीत तेव्हा आणखी तीन दुकानदारांनी तसेच कन्व्हर्टर करून घेतले होते. चौघांचे कन्व्हर्टर वेगवेगळ्या शब्दांना अडायचे. एकमेकांना दाखवले मात्र नाहीत, धंद्याचं गुपित ना!

टीएमटी_थांबा · रविवार, दुपारी १:२९

काकांना दंडवत. वाचनखूण साठवली.

कोलशेतचा_कोड्या · रविवार, दुपारी १:५५

काका, धरणीमाय पोटात घे म्हणायची वेळ आलीय. आज सकाळपासून मी पीडीएफसाठी नेमकं हेच करून बघतोय. "वेलांटी दिसली की एक अक्षर मागे सरकव." आत्ता "स्थिती" टाकून बघितलं. तुमच्या २००६ च्या मुलाचीच चूक जशीच्या तशी.

सेमीकोलन_ताई · रविवार, दुपारी ३:०५

नेरुळहून लिहितेय. मी याच भानगडींत काम करते, म्हणून दोन गोष्टी.

पीडीएफची गोष्ट सोपी आहे. तू अक्षरं एकामागून एक कागदावर ठेवतोयस. देवनागरीला तसं चालत नाही, मधे एक शेपिंग इंजिन लागतं: हा साठवलेला क्रम, हा फॉन्ट, आता कुठली आकृती कुठे काढायची ते सांग. ते काम हार्फबझ करतं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळीकडे तेच आहे. नाव फारसी आहे बरं का, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं. त्याचा जन्मही या धाग्याला साजेसा आहे. फ्रीटाइप या फॉन्ट काढायच्या लायब्ररीच्या जुन्या कोडच्या दोन प्रती क्यूटी आणि पँगो या दोन प्रकल्पांच्या घरांत वेगवेगळ्या वाढत होत्या, एकच बग दोनदा काढला जात होता. त्या दोघांना एकत्र आणायचं ठरलं तेव्हा हार्फबझ झालं. पुढे बेहदाद एस्फाहबोदने ते पुन्हा मुळापासून लिहिलं, हेही सांगून टाकते, नाहीतर शंकासुर सांगतीलच. पण त्याने लिहिलं ते आधीच्या कोडचे सगळे खड्डे अंगावर काढून झाल्यावर.

तू यातलं काहीही करू नकोस. पावती एचटीएमएलमध्ये बनव आणि हेडलेस क्रोमला (खिडकी न उघडता चालणाऱ्या क्रोमला) पीडीएफ छापायला सांग. तुझा वेलांटी सरकवणारा कोड पुसून टाक.

दुसरी गोष्ट, दोन बिलांची. तुझ्या त्या सभासदाच्या आडनावात ऱ्ह किंवा ऱ्य आहे का? वऱ्हाडकर, कुऱ्हाडे, असं काही?

कोलशेतचा_कोड्या · रविवार, दुपारी ३:११

ताई, आहे!! तुम्हाला कसं कळलं?

सेमीकोलन_ताई · रविवार, दुपारी ३:४०

कारण या गोष्टीने माझेही केस पिकलेत.

हा जो आडव्या कोयत्यासारखा र आहे, तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं. एकदा काकांनी आपल्या कीबोर्डने नाव टाकलं असणार, एकदा सभासदाने मोबाइलवरून.

आणि इथे मी तुला "लायब्ररी वापर" असं सांगू शकत नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगळ्या तऱ्हा एका रूपात आणणं, नुक्ता सुटा लिहिलाय की जोडून एवढं सांभाळतं, पण या दोन तऱ्हांना एक मानत नाही. मराठीच्या नावांपुरता तो नियम तुलाच लिहावा लागेल. चार ओळींचं काम आहे. आठ महिन्यांत खरोखर तुझं म्हणून लिहायचं असं काही होतं, तर त्यातलं हे एक.

नौपाडा_डीटीपी · रविवार, दुपारी ४:०२

"दऱ्याखोऱ्या" शोधलं की फाइलमध्ये असूनही सापडायचं नाही, ते हेच की काय? इतकी वर्षं मी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या.

सेमीकोलन_ताई · रविवार, दुपारी ४:०६

तेच, काका.

शंकासुर · रविवार, सायंकाळी ६:१५

ताईंचं पटलं. पण मूळ मुद्दा सोडत नाही. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. रिचर्ड हिपने २००० मध्ये तो सुरू केला तेव्हा जगात डेटाबेस नव्हते का? त्याने पार्सर (आज्ञा वाचून त्यांची फोड करणारा कोड) बनवायचं साधनही स्वतःचं लिहिलं, लेमन. कोड ठेवायला गिट न वापरता स्वतःचं फॉसिल लिहिलं. बाहेरच्यांचा कोड सहसा घेतही नाही. सगळ्या चुली वेगळ्या, आणि जग त्यावर जेवतंय.

ऐरोली_ते_ठाणे · रविवार, सायंकाळी ६:५०

बरोबर. आणि त्यांच्याच संकेतस्थळावर लिहिलंय की साधारण दीड लाख ओळींच्या कोडमागे त्याच्या ५९० पट टेस्टचा, म्हणजे मूळ कोड बरोबर चालतो का ते तपासणारा, कोड आहे. पाचशे नव्वद पट. कोड्या, तुझ्याकडे टेस्ट किती?

कोलशेतचा_कोड्या · रविवार, सायंकाळी ६:५८

कोषाध्यक्ष काका.

ऐरोली_ते_ठाणे · रविवार, सायंकाळी ७:२०

हा हा. असो. शंकासुर, तुमच्यासाठी एक जुना किस्सा. १९८६ साली जॉन बेंटलीने डॉनल्ड कनूथ या नामांकित संगणकशास्त्रज्ञाला एक काम दिलं: मजकुरातले सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द मोजून छाप. कनूथने पास्कलमध्ये देखणा, पानंच्या पानं प्रोग्रॅम लिहिला, त्यासाठी खास डेटा स्ट्रक्चर बेतलं. परीक्षणाला डग मॅक्लरॉय. युनिक्सचे पाइप, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर थेट पुढच्या आज्ञेला पुरवायची सोय, ज्याच्या डोक्यातून आले तोच. त्याने कौतुक केलं आणि खाली सहा आज्ञांची एक साखळी लिहून दाखवली. टीआर, सॉर्ट, युनिक, एसईडी. काम तेच.

शंकासुर · रविवार, सायंकाळी ७:३३

हा किस्सा सगळे अर्धाच सांगतात. कनूथला काम दिलं होतं ते लिटरेट प्रोग्रॅमिंग, म्हणजे माणसाला निबंधासारखा वाचता येईल असा प्रोग्रॅम लिहिणं, कसं असतं ते दाखवायला. शब्द मोजायची घाई कुणालाच नव्हती. पुरणपोळी करून दाखव म्हणायचं आणि मग "शेजारच्या दुकानात मिळते की" म्हणायचं, हा काय न्याय?

ऐरोली_ते_ठाणे · रविवार, सायंकाळी ७:३७

हा मुद्दा मान्य. शिकायला लिहिलेलं माफ.

सीवूड्स_सीए · रविवार, रात्री ९:१०

मी सोसायट्यांची ऑडिट करते. कोडचं मला कळत नाही, पण व्याजाचं दुखणं वाचून राहवलं नाही. धागाकर्ते, तुम्ही थकबाकीवर व्याज लावताना मागच्या महिन्याचं व्याज मुद्दलात मिळवता का?

कोलशेतचा_कोड्या · रविवार, रात्री ९:१४

हो, बाकी रक्कम गुणिले दर. बाकीत सगळं आलं.

सीवूड्स_सीए · रविवार, रात्री ९:४५

तिथेच गाडी घसरली. २०१४ च्या आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) थकबाकीवर सरळव्याज आहे, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, आणि नेमका दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा. तुम्ही चक्रवाढ लावताय. सभासद निबंधकाकडे गेला तर समितीला उत्तर देता येणार नाही.

आता आलेच आहे तर बाकीचंही विचारते. पाणीपट्टी कशी वाटता? सगळ्यांना सारखी की फ्लॅटमधल्या नळजोडण्यांच्या संख्येवर आणि आकारावर? उपविधीत दुसरं आहे. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, तळमजल्यावालेही आले. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठीची शिल्लक) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का, आणि त्यात जमिनीची किंमत धरायची नाही. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. शासनाचा तसा आदेश २००१ चा आहे. अर्ध्या सोसायट्या ते पूर्ण बिलावर लावतात. महिन्याचं बिल सभासदामागे साडेसात हजारांवर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांवर असेल तर जीएसटी, तेही बघा.

आणि पैशांत दोन-तीन पैशांचा फरक येतो का कधी?

कोलशेतचा_कोड्या · रविवार, रात्री ९:५१

येतो. ऑडिटरनी तीन पैसे काढलेत. मी सोडून दिलं होतं.

पामबीच_पॉइंटर · रविवार, रात्री ९:५८

फ्लोट वापरलायस, म्हणजे दशांश आकडा जवळपासच साठवणारा प्रकार. तिथे ०.१ अधिक ०.२ म्हणजे बरोब्बर ०.३ होत नाही, शेपटाला चिमूटभर जास्त येतं. रक्कम रुपयांत साठवू नकोस, पूर्ण पैशांत साठव, छापताना भाग दे. आणि सोडून दिलेल्या तीन पैशांवर ताई ऑडिट रिपोर्टमध्ये पूर्ण परिच्छेद लिहितात, विचार त्यांना.

सीवूड्स_सीए · रविवार, रात्री १०:०४

दोन परिच्छेद.

कोलशेतचा_कोड्या · सोमवार, रात्री १२:२०

झोप येत नव्हती म्हणून बसून मोजलं. ११ हजार ओळींपैकी उपविधींचे नियम ज्या फाइलमध्ये आहेत ती ४१० ओळींची. त्यात व्याज चूक, पाणी सगळ्यांना सारखं वाटलेलं, नॉन-ऑक्युपन्सी पूर्ण बिलावर. ही फाइल मी एका शनिवारी दुपारी लिहिली होती. गुगलवर काहीतरी बघून. उपविधींची पुस्तिका सोसायटीच्या कपाटात आहे, उघडली नव्हती.

बाकी साडेदहा हजार ओळींत लॉगिन, पीडीएफ, तारखा, बॅकअप. म्हणजे जे जगात दहा जणांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहून ठेवलंय त्याला साडेसात महिने, आणि जे कोलशेतच्या या तीन इमारतींसाठी मलाच लिहायचं होतं त्याला एक दुपार. नळजोडण्या मोजायला वॉचमनबरोबर २१६ घरं फिरावं लागलं असतं. ते टाळून मी फ्रेमवर्क लिहीत बसलो.

ऐरोली_ते_ठाणे · सोमवार, सकाळी ७:४८

(गाडीतून, घणसोली.) हे मात्र मला लागलं. लॉगिंग लिहीत बसलो होतो तेव्हा माझ्या टीमचं खरं काम गोदामातल्या मालाची जुळणी हे होतं. त्या जुळणीचे नियम ज्या माणसाला माहीत होते तो तुर्भ्याला बसायचा. त्याला भेटायला मी एकदाही गेलो नाही.

सेमीकोलन_ताई · सोमवार, सकाळी ११:३०

एक राहिलं. आता सगळेच "आयतं घ्या" म्हणताहेत म्हणून.

आयत्या बिळावर नागोबा होणंही फार दिवस चालत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या फाइल दाबायच्या साधनात मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर हे साधन असतं. वर्षानुवर्षं ते एकच माणूस बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळत होता. थकला होता. मदतीला म्हणून कुणीतरी आलं, दोनेक वर्षं नेकीने काम करून विश्वास मिळवला, आणि मग घात केला. पकडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर जायच्या सुरक्षित वाटेने, आत शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय ते खटकलं म्हणून. इतक्या कंपन्या त्यावर उभ्या होत्या, त्या एका माणसाच्या हाताखाली माणूस द्यावा असं कुणाला वाटलं नाही.

मी स्वतः दुसऱ्यांच्या लायब्ररीला पहिला पॅच (दुरुस्तीचा तुकडा) पाठवला तो १४ ओळींचा होता. पाच आठवडे लागले. एकाने माझ्या व्हेरिएबलच्या नावांवर वाद घातला, दुसऱ्याने विचारलं की ही अडचण खरंच कुणाला येते का. मी तीन वेळा ठरवलं की जाऊ दे, आपली वेगळी प्रत काढून मोकळं व्हावं. घरी सासूबाई म्हणाल्या, "पैसे तरी देतात का ते?" नाही देत. पण तो दोष परत माझ्या वाट्याला आला नाही, आणि पुढच्या आवृत्तीत त्याच फंक्शनमध्ये एका तमिळ मुलीने आणखी दोन खड्डे बुजवले, जे मला दिसलेच नव्हते.

कोड्या, तुझी ती ऱ्हची चार ओळींची दुरुस्ती झाली की उघड्यावर ठेव. लॉगिन नको, ते कुणाला नकोय.

शंकासुर · सोमवार, दुपारी १२:१५

लॉगफोरजेच्या वेळी चहा पिणाऱ्या टीमबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांचं लॉगिंग लिहिणारा पोरगा पुढच्या मार्चमध्ये नोकरी सोडून गेला. आता ते कुणाला कळत नाही. म्हणजे ते मीच बघतो.

टीएमटी_थांबा · सोमवार, दुपारी १२:१८

म्हणून एवढा राग होय!

चावडी_व्यवस्था · सोमवार, दुपारी १:००

वैयक्तिक शेरेबाजीचे तीन प्रतिसाद काढले आहेत. कुठली भाषा चांगली हा वाद या धाग्यावर नको, त्यासाठी स्वतंत्र धागा २०१७ पासून चालू आहे.

कोलशेतचा_कोड्या · पुढचा रविवार, रात्री १०:३०

मंडळी, अहवाल.

स्वतःचं फ्रेमवर्क काढलं, तयार घेतलं. लॉगिन त्याच्याबरोबरच आलं. पावती हेडलेस क्रोमवर. "शिल्लक", "स्थिती", "वार्षिक", "आर्द्रता" चारही नीट. (काका, "आर्द्रता" पावतीवर कुठेच येत नाही, तुमच्यासाठी छापून बघितली.) ११ हजारांच्या आता २,३०० ओळी उरल्यात. पुसताना पोटात कालवलं, विशेषतः तारखांचा कोड. छान लिहिला होता हो.

नळजोडण्या मोजायला सुरुवात केलीय. बी इमारत झाली. ४०२ वाल्यांनी चहा पाजला आणि ४०३ वाल्यांनी "पाणी वाढवणार का" म्हणून दार लावलं. दोन घरांत मिळून तीन जोडण्या अशा सापडल्या ज्या कुठल्याच नोंदीत नाहीत.

ऱ्हची दुरुस्ती ताईंनी सांगितल्याप्रमाणे वेगळी काढून उघड्यावर ठेवली. चौथ्या दिवशी खारघरच्या कुणीतरी पुल रिक्वेस्ट (दुरुस्ती सुचवणारा कोड) पाठवली: मी न दिसणारी जोडचिन्हं सरसकट उडवत होतो, त्यामुळे मुद्दाम सुटी लिहिलेली जोडाक्षरं चिकटत होती. त्यांचं बरोबर होतं. घेतली.

कोषाध्यक्ष काकांना नवीन बिलं दाखवली. त्यांनी चष्मा लावून आपल्या वहीशी ताडून बघितली, अर्धा तास. मग म्हणाले, "एक्सेलशी जुळतायत." मी म्हटलं, कुठलं एक्सेल? तर आठही महिने ते आपलं एक्सेल चालवतच होते. खरी बिलं त्यातूनच जात होती. पाण्याचं आणि नॉन-ऑक्युपन्सीचं त्यात पहिल्यापासून बरोबर आहे. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

नौपाडा_डीटीपी · पुढचा रविवार, रात्री १०:४४

"आर्द्रता" पाहून भरून आलं. चित्र टाक.

वाशी_सेक्टर_नऊ · सोमवार, सकाळी ९:२०

नवीन सभासद आहे. धागा पूर्ण वाचला. आमच्या सोसायटीत खाली १४ दुकानं आहेत, त्यांचे दर वेगळे. तुमचं चालेल का?

कोलशेतचा_कोड्या · सोमवार, सकाळी ९:३१

दुकानांचं काहीच केलेलं नाही. उपविधीत काय आहे तेही बघितलेलं नाही. तुमच्याकडे बिलं आत्ता कोण काढतं? त्यांना घेऊन शनिवारी ठाण्याला या, एक्सेल बरोबर आणा.